भामाबाईंचा डबा

आजच्या या निरोप समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या संस्थेचे आधारस्तंभ आदरणीय हंबीररावजी, प्रमुख पाहुणे म्हणून अगत्यानं आलेले माननीय लालासाहेब, व्यासपीठावरील मुख्याध्यापक महोदय, माझे सहकारी शिक्षक बंधू-भगिनी, शिक्षकेतर कर्मचारी, उंब्रज आणि पंचक्रोशीतले ग्रामस्थ, माता-भगिनी, आणि मागच्या दाराशी उभं राहून 'सर आता किती वेळ घेणार' याचा अंदाज बांधणाऱ्या माझ्या विद्यार्थी मित्रांनो,

गेला तासभर माझ्याविषयी जे बोललं गेलं ते मी खाली मान घालून ऐकत होतो. खरं सांगू का, मध्येच मला शंका आली, की मी जिवंत आहे ना? कारण माणसाबद्दल इतकं चांगलं आपल्याकडे एकदाच बोलतात, आणि तेव्हा ते ऐकायला तो नसतो. जालिंदर, हा माइक जरा वर कर. हां. पुरे.

आपण मला शाल दिलीत, श्रीफळ दिलंत, आणि सर्व शिक्षकांच्या वतीनं हा चार पुडांचा स्टीलचा डबा दिलात. वर माझं नाव घातलंय, 'श्री. रामगोंडा पाटील, एप्रिल १९९८'. सुरेख आहे. पण तो हातात घेताना मी आधी झाकण काढून आत बघितलं, ते पुढच्या रांगेतल्या काही जणांनी पाहिलं असेल. हावरटपणा समजू नका. मी आभाराचं छोटंसं भाषण लिहून आणलं होतं. ते आता खिशातच राहू दे. या डब्यामुळं मला दुसरंच काही बोलावं लागणार आहे, आणि ते आज बोललो नाही तर पुन्हा बोलायला मला ही जागा मिळायची नाही.

मी मराठीचा मास्तर. पाचवीच्या वर्गाला माझा एक ठरलेला स्वाध्याय असायचा, 'शब्दाचा वाक्यात उपयोग करा'. शब्द घरातला. पाटा, सूप, पाटी, तांब्या, डबा. आणि माझी एक अट असायची. गाइडातलं वाक्य चालणार नाही. आपल्या घरात खरोखर जे घडतं तेच लिहायचं. खोटं वाक्य दिसलं की शून्य. या अटीपायी मी गावातल्या बऱ्याच घरांची अंडीपिल्ली जाणतो. आमच्या अध्यक्षांच्या नातवानं एकदा लिहिलं होतं, 'आजोबांनी निवडणुकीत घरोघर डबे वाटले.' हंबीरराव, हसू नका, मी त्याला पैकीच्या पैकी गुण दिले होते. पोरानं खरं लिहिलं होतं.

तर त्याच शब्दाची, डब्याची, ही गोष्ट आहे.

मी १९९१ च्या जूनमध्ये बदलून इथं आलो. कुटुंब सांगलीला, मी इथं एका खोलीत. आम्ही जैन. कांदा-लसूण नाही, आणि दिवस मावळायच्या आत जेवण. सकाळी मी स्टोव्हवर भात टाकायचो, पण संध्याकाळचं काय? शाळा पाचला सुटणार आणि थंडीत सहाला सूर्य बुडणार. कुठलीही खाणावळ हे पथ्य सांभाळायला तयार होईना. शेवटी आपल्या शिपायाला, या जालिंदरला, विचारलं. तो म्हणाला, एक भामाबाई आहेत, करतील. मी विचारलं, कुठल्या? जालिंदर म्हणाला, आमच्याच गल्लीतल्या. मी समजायचं ते समजलो.

आता मी जे सांगणार आहे त्याची मला लाज वाटते, आणि जालिंदर समोर उभा आहे म्हणून जास्तच वाटते. मी नाही म्हटलं नाही. पोट होतं ना. मी म्हटलं, चालेल, पण दारात नको, डबा बाहेरच्या खिडकीत ठेवायला सांग, मी शाळेत असतो. आणि सकाळी घासलेला रिकामा डबा मीच खिडकीत ठेवीन, तिथून न्यायचा. कारण शाळेचं दिलं. खरं कारण तुम्हाला सांगायला हवं का? सांगलीत घरी मी सांगितलं, आपल्यातल्याच एका बाईंचा डबा लावलाय. तेवीस वर्षं मी पोरांना खोट्या वाक्याला शून्य दिलं होतं. स्वतःला मात्र त्या दिवशी मी पूर्ण गुण दिले.

तीन वर्षं असं चाललं. सव्वापाचला मी खोलीवर यायचो आणि खिडकीत गरम डबा. पितळेचा, कल्हई केलेला, झाकणावर टिंबाटिंबांनी 'भामाबाई' असं घातलेलं. ज्वारीची भाकरी, मुगाची आमटी, कधी वांगं, कधी पावटा. मी जेवायचो, डबा घासायचो, सकाळी खिडकीत ठेवायचो. महिन्याचे पैसे जालिंदरच्या हाती जायचे. भामाबाईंना मी तीन वर्षांत चार वेळा पाहिलं असेल, तेही रस्त्यानं जाताना. त्या पदर पुढं ओढून म्हणायच्या, 'बरं हाय का, सर?' मी मान हलवायचो आणि पुढं जायचो.

आपल्याकडे कुणाचा डबा आला तर तो रिकामा परत करत नाहीत. हे मी तुम्हाला काय सांगणार? घरात काही नसलं तर चिमूटभर साखर घालतात, तीही नसली तर चार शेंगदाणे. माझी पत्नी प्रभावती दर सणाला सांगलीहून लाडू द्यायची, चकल्या द्यायची, आणि बजावायची, की त्या डबेवाल्या बाईंना द्या बरं का. मी ते शिक्षकांच्या खोलीत वाटून टाकायचो. तिला सांगायचो, दिले. तीन वर्षांत मी त्या डब्यात एक दाणा घातला नाही.

९४ सालची दिवाळीची सुट्टी संपवून मी परत आलो. पहिल्याच दिवशी सकाळी खोली झाडली. डबा सुट्टीआधीच गेलेला होता, त्यामुळं खिडकीत ठेवायला काही नव्हतं. संध्याकाळी आलो तर खिडकीत डबा. म्हटलं, बाई हुशार, शाळा कधी उघडते ते लक्षात ठेवून आहे. उघडला, वाफ आली, जेवलो. फक्त जेवण अळणी होतं. म्हटलं, विसरल्या असतील. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या, चौथ्या दिवशी तेच. आमटीत मीठ नाही, भाजीत मीठ नाही. आणि आणखी एक गोष्ट. डबा भरलेला असायचा, पण उचलला की वजन लागायचं नाही. मला वाटलं, सुट्टीत खाऊन पिऊन अंगात ताकद आली असेल.

सहाव्या दिवशी, बुधवार होता, मी वहीच्या कागदावर चिठ्ठी लिहिली. 'जेवणात मीठ घालत जावे. अळणी लागते. पाटील.' रिकाम्या डब्यात ती चिठ्ठी घातली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी डबा खिडकीत ठेवला. गुरुवारी आमटीत मीठ होतं. जरा जास्तच होतं. माझी तक्रार पोचली म्हणून मी खूश झालो.

शुक्रवारी पाचवीला मी शब्द दिला, डबा. का दिला, आठवत नाही. पाच वाक्यं लिहा म्हटलं. वह्या गोळा करून तिथंच टेबलावर तपासायला घेतल्या. दीक्षा मिलिंद कांबळे या मुलीची वही उघडली. भामाबाईंची नात. वडील सैन्यात, आई अंगणवाडीत मदतनीस. अक्षर टपोरं. ती वही आजही माझ्याकडे आहे. वाक्यं मला पाठ आहेत.

'आजी सरांचा डबा भरते. सरांचा डबा दिवस मावळायच्या आत द्यायचा असतो. डबा नेहमी रिकामा परत येतो. काल डब्यात चिठ्ठी आली, मी आजीला वाचून दाखवली, आजी लय हसली. आजी मेल्यापासून डबा जड लागत नाही.'

लाल पेन हातात होतं आणि पहिल्या चार वाक्यांना मी बरोबरची खूण केलेली होती. पाचव्यावर पेन तसंच राहिलं. मी मान वर केली. दीक्षा पहिल्या बाकावर हाताची घडी घालून बसली होती. गालफडं बसलेली, डोळे मोठे झालेले. दिवाळीआधी ही पोर अशी नव्हती, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. मी तिला जवळ बोलावून हळूच विचारलं, बाळ, डबा कोण आणून ठेवतं? ती म्हणाली, 'आजीच की, सर.' जसं काही मी साधी बेरीज चुकलो होतो.

मी जालिंदरला बाहेर बोलावलं. जालिंदर म्हणाला, भामाबाई भाऊबिजेच्या आदल्या दिवशी वारल्या, तापानं. सूनबाईंनी मला सांगितलं होतं, सरांना निरोप द्या, डबा बंद. मी तुम्हाला सांगायचं विसरलो, सर, आणि तुम्हीही काही विचारलं नाही, म्हणून म्हटलं दुसरीकडं सोय लागली असेल. मी विचारलं, मग गेले आठ दिवस मी काय खातोय? जालिंदरला वाटलं मी त्याच्यावर रागावलोय.

शाळा सुटताच आम्ही दोघं त्या घरी गेलो. मी त्या गल्लीत पहिल्यांदाच पाऊल ठेवत होतो. तीन वर्षं ज्या चुलीचं खाल्लं ती मी पाहिली नव्हती. दीक्षाची आई, दीपमाला, दारात आली. मी डब्याचं विचारलं. ती म्हणाली, डबा तर घरातच आहे. आत्यांनी, म्हणजे सासूबाईंनी, जीव सोडला त्याच दिवशी तिनं तो घासून, सुतळीनं बांधून फळीवर ठेवला होता. तिनं काढून दाखवला. वर धूळ बसलेली, सुतळीची गाठ तशीच. मी त्याच सकाळी तो डबा घासून माझ्या खिडकीत ठेवला होता.

दीपमालानं गाठ सोडली, झाकण काढलं. आत एक कागद होता. माझं अक्षर. 'जेवणात मीठ घालत जावे.' जालिंदरनं तो कागद हातात घेऊन पुन्हा वाचला.

जालिंदर, खोटं सांगत असेन तर इथंच सांग. बघा, मान हलवतोय.

दीपमालानं चिठ्ठी घडी घालून परत डब्यात ठेवली. मग म्हणाली, 'आमी बुद्धाची मानसं हाय, सर. भूतखेत मानत न्हाई. अंगणवाडीत पोरांना मीच सांगते, असलं काय नसतं म्हणून. पण पोरगी रोज सांजच्याला गार चुलीपाशी जाऊन बसती, आन् म्हणती, मी आजीसंगं जेवले. घरात अन्नाला शिवत न्हाई. कराडच्या डॉक्टरला दावलं, त्यो म्हणतो रोग न्हाई. सर, माझं लेकरू निम्मं झालं.'

मी विचारलं, भामाबाई जाताना काही बोलल्या होत्या का? ती म्हणाली, तापात एकच विचारायच्या, सरांचा डबा आला का, काय घातलंय त्यात. रोजच विचारायच्या, चांगल्या होत्या तेव्हाही. डबा आला की आधी झाकण काढून आत बघायच्या आणि म्हणायच्या, उद्या घालतील. तिनं आणखी एक सांगितलं. माझ्यासाठी वेगळा तवा होता. आणि माझ्या जेवणाला वास लागू नये म्हणून तीन वर्षं त्या घरात संध्याकाळी कांदा चिरला गेला नव्हता.

मंडळी, माझ्याबद्दल आज इथं 'आदर्श शिक्षक' हा शब्द चार वेळा वापरला गेला. मी मोजला.

मी दीपमालाकडून डबा मागून घेतला आणि शनिवारी दुपारच्या एसटीनं सांगलीला निघालो. डबा मांडीवर. इस्लामपूरला एक म्हातारी चढली, जागा करायला तिनं डब्याला हात लावला आणि चटका बसल्यासारखा मागं घेतला. म्हणाली, 'आवं, जपून धरा. उकळतंय की आत.' माझ्या हाताला तो गार लागत होता. आत चिठ्ठीशिवाय काही नव्हतं. म्हातारी सांगलीपर्यंत माझ्या शेजारी बसायला तयार झाली नाही, उभी राहिली.

घरी मी प्रभावतीला सगळं सांगितलं. कुणाचा डबा, खिडकी का, लाडू कुठं गेले, सगळं. मला वाटत होतं ती जातीवरून बोलेल, नाहीतर मी घाबरलोय म्हणून अंगारा लावेल. ती ऐकून घेऊन एवढंच म्हणाली, 'तीन वरसं त्या बाईचा डबा रिकामा पाठवलासा?' सोमवारी पहाटे उठून तिनं खपली गव्हाची खीर केली. आमच्याकडे तिला हुग्गी म्हणतात, लग्नाकार्यात करतात. ती त्या डब्यात भरली, धुतलेलं पातळ नेसली, आणि म्हणाली, चला. मी रजेचा अर्ज पाठवला होता.

दुपारची एसटी मिळाली, उंब्रजला पोचेपर्यंत साडेचार झाले. मी पुन्हा घाबरटपणा केला. म्हटलं, आधी खोलीवर जाऊ, डबा खिडकीत ठेवू, ज्याचा त्याला पोचेल. प्रभावती म्हणाली, 'आता खिडकी न्हाई. दारातनं जायचं.'

दीक्षा चुलीपाशीच होती. चूल गार, राख पांढरी. प्रभावती सरळ आत गेली, जमिनीवर बसली, आणि पोरीला विचारलं, आजी कुठं बसती, बाळ? दीक्षानं चुलीच्या उजव्या अंगाची जागा दाखवली. तिथं काही नव्हतं. प्रभावतीनं तिथं डबा ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. बोलायचं मला होतं. तीस वर्षं मी बोलून पोट भरलं, पण तेव्हा दोनच वाक्यं सुचली. कसाबसा म्हणालो, 'भामाबाई, उशीर झाला. डबा परत आणलाय.' आणि झाकण काढलं.

सकाळची खीर. तीन तासांचा प्रवास. आतून वाफ आली. दीपमालाचा हात तोंडावर गेला.

दीक्षा मान तिरकी करून बसली होती, घरात मोठं माणूस बोलताना पोरं ऐकतात तशी. मग ती माझ्याकडं वळली आणि म्हणाली, 'आजी म्हणती, आधी सरांनी जेवावं. दिवस मावळंल.'

मी तिथं बसलो. त्या घरात, त्या जमिनीवर, त्यांच्या ताटात मी जेवलो. काय चव होती ते मला सांगता येणार नाही, कारण मी रडत होतो आणि मला सगळं खारटच लागत होतं. माझं झाल्यावर दीक्षानं वाटी पुढं केली. एक वाटी, दुसरी, तिसरी. दीपमाला भिंतीला टेकून बघत होती. पंधरा दिवसांत पोर पहिल्यांदा घरात जेवत होती. खाऊन ती आईच्या मांडीवर झोपली, आणि ती झोपल्यावर त्या घरात आम्ही चौघंच आहोत असं मला वाटलं. त्याआधी तसं वाटत नव्हतं.

तीच दीक्षा आता आठवीत आहे आणि वक्तृत्व स्पर्धेत तालुक्यात पहिली आली आहे, हे आपण सर्व जाणता. हे सगळं इथं सांगायला मी तिची आणि तिच्या आईची परवानगी घेतली आहे. दीक्षा म्हणाली, सर, मला यातलं काही आठवत नाही, पण तुम्ही सांगता म्हणजे खरं असेल.

दुसऱ्या दिवशी, मंगळवारी, मी सव्वापाचला खोलीवर आलो. खिडकी रिकामी होती. मला हायसं वाटायला हवं होतं. पोर वाचली होती, मी सुटलो होतो. पण मी खुर्ची घेऊन खिडकीसमोर बसलो आणि वाट बघत राहिलो. साडेपाच झाले, पावणेसहा झाले. स्टोव्हवर काही टाकून घ्यावं हे सुचलं नाही. सूर्य बुडाला. तीन वर्षांत मी त्या बाईला एकदाही म्हणालो नव्हतो, की भामाबाई, जेवण छान झालं होतं. ते मी त्या रिकाम्या खिडकीला म्हणालो, मोठ्यानं म्हणालो, दोनदा म्हणालो. ऐकायला तिथं कुणी उरलं नव्हतं. त्या रात्री मी उपाशी झोपलो.

अध्यक्ष महाराज, मला दिलेला वेळ संपला, आणि त्याबरोबर आपल्या चहाचीही वेळ टळली, त्याबद्दल क्षमा असावी. आपण माझा इतका सन्मान केलात, त्याबद्दल संस्थेचा, सहकाऱ्यांचा आणि या गावाचा मी शतशः ऋणी आहे. बोलण्याच्या भरात कुणाचं नाव राहिलं असेल, कुणाला लागेल असं बोलून गेलो असेन, तर आपल्या घरचाच माणूस समजून पोटात घाला. आणि माझ्याकडून या सात वर्षांत कुणाचं काही राहून गेलं असेल, तर मी संध्याकाळच्या गाडीपर्यंत इथंच आहे. समोर येऊन सांगा. मी तुमच्या दारात येईन.

धन्यवाद.